पुढे ढकललेली तारीख

पाळीची शेवटची तारीख विचारली, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना बेधडक दोन आठवडे पुढची सांगितली.

खरी तारीख विसरणं शक्यच नव्हतं. त्याच दिवशी आमची थोरली खुर्चीवरून पडली, हनुवटीला दोन टाके पडले. पण मागच्या आठवड्यात दुसऱ्या दवाखान्यात सोनोग्राफी केली, तेव्हा तिथल्या बाईंच्या कपाळाला आठी पडली. "आठ आठवडे म्हणता, पण गर्भ साडेसहाचाच दिसतोय. तारीख चुकली नाही ना? चुकली असेल तर काळजी नको."

तेवढं एक वाक्य धरून मी आठवडा काढला. शेवटी दवाखाना बदलला आणि तारीखही.

तारीख लिहून झाल्यावर सोनोग्राफीची वाट बघत बाहेर बाकावर बसलो, तेव्हा सासूबाई म्हणत होत्या, "चार बाळंतपणं झाली माझी, तारीख कुणी विचारली? पोर आलं की तीच तारीख!" शेजारच्या दोघी खळखळून हसल्या. मीही हसले.

आत सासूबाईंसमोरच डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर माप घेतलं. "सात आठवडे. तारखेला अगदी जुळतंय. ठोके जरा मंद आहेत, पण इतक्या लवकर चालतं. महिन्याने या."

"बघ! उगाच जीव टांगणीला लावला होतास," सासूबाई म्हणाल्या.

जुळतंय. माझ्या थापेला जुळतंय. आता महिनाभर कुणी पोटातल्या जिवाकडे बघणारसुद्धा नाही.

"मॅडम, तारीख खोटी आहे," मी म्हटलं. "आज नऊ आठवडे पूर्ण झाले."

पर्समधून जुना रिपोर्ट काढून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, मला पुन्हा आडवं केलं, पुन्हा माप घेतलं. पडद्यावर तो दाण्याएवढा ठिपका लुकलुकत होता.

"आठवडाभरात तीनच दिवसांची वाढ," त्या म्हणाल्या. "वाढतंय, पण फार हळू. टिकेल की नाही, आज नाही सांगता येणार. महिन्याने नको, सोमवारीच या. रक्त दिसलं किंवा पोटात दुखलं तर तडक या."

"माझं काही चुकलं का हो?"

"खोटी तारीख सोडली तर काहीच नाही."

सासूबाई काय म्हणतील म्हणून मी मान वर करेना. त्यांनी माझ्या हातातली फाईल घेतली.

"सोमवारी किती वाजता?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.