सात नंबरचा टॅबलेट

मोंघीबेन पत्र्याच्या पेटीवर चढल्या आणि स्कूटरचा जुना आरसा त्यांनी उन्हात धरला. उजेडाचा ठिपका रणाच्या खारट सपाटीवरून सरकत उत्तरेकडे गेला. थोड्या वेळाने तिकडच्या झोपडीवरून दोन चमका आल्या. म्हणजे दोन पोरं निघाली. मग दुमाडियांकडून तीन, त्यांच्या पलीकडून एक, शेवटी पश्चिमेकडून चार.

“दहा,” मोंघीबेन म्हणाल्या.

नैर्ऋत्येला, दीड किलोमीटरवर, जेसंग सुरेलाचा मिठाचा पाटा, म्हणजे खारं पाणी आटवायचा वाफा, होता. तिकडे त्यांनी आरसा दोनदा फिरवला. उत्तर आलं नाही. त्या पेटीवरून उतरल्या, हजेरीपट उघडला, ‘वसन जेसंग सुरेला, इयत्ता सातवी’ या नावापुढे ‘गै’ लिहिलं आणि समासात बारीक अक्षरात नोंद केली : आईचं ऑपरेशन, घरी काम. सलग तिसाव्या दिवशी त्या तिच्या नावापुढे अशी नोंद करत होत्या.

“म्हणजे ती आजपण नाही?” मागून मौलिकभाईने विचारलं.

मौलिक रावल तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात संगणकाचं काम बघायचा. वय अठ्ठावीस. वाळलेल्या चिखलावरच्या टँकरच्या चाकोऱ्या धरून बत्तीस किलोमीटर मोटरसायकल हाकत तो सकाळी सातलाच तंबूशाळेत पोचला होता. बशीतला चहा त्याने अजून प्यायला नव्हता.

“नाही. पाच आठवडे झाले. रोज लिहिते मी,” मोंघीबेन म्हणाल्या.

“तेच तर. तुमचा हजेरीपट म्हणतो, ती तीस दिवस आलीच नाही. आणि टॅबलेट म्हणतो, ती एक दिवसही चुकली नाही. चारशे बारा स्वाध्याय सोडवलेत. अख्ख्या तालुक्यात पहिली!”

“कोण पहिली?”

“वसन सुरेला. आता दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, मोंघीबेन. एक यंत्र आहे आणि एक तुम्ही.”

मोंघीबेन देगामा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या आणि एकोणीस वर्षं त्या दर हंगामात या तंबूत शिकवत होत्या. ऑक्टोबरमध्ये अगरियांची कुटुंबं मीठ पिकवायला रणात यायची, तेव्हा त्या त्यांच्यासोबत यायच्या आणि एप्रिलमध्ये त्यांच्यासोबत गावात परतायच्या. हजेरीच्या बाबतीत त्यांना आजवर कोणी खोटं म्हटलेलं नव्हतं. त्यांनी वही बंद केली आणि पेटीचं कुलूप काढलं.

पेटीत अकरा टॅबलेट होते. दोन वर्षांपूर्वी बारा आले तेव्हा त्यांनी सर्वांत आधी नियम केले आणि पेटीच्या झाकणावर लाल रंगाने लिहून टाकले. टॅबलेट तंबूबाहेर नेऊ नये. उन्हात धरू नये. ओल्या हाताने शिवू नये. तरीही पहिल्याच वर्षी खाऱ्या हवेने एक टॅबलेट मेला आणि मोंघीबेननी त्याचे तीन खुलासे लिहून दिले. तेव्हापासून किल्ली त्यांच्या गळ्यात असायची.

टॅबलेट आले म्हणून पूर्वीची एक अडचण मात्र सुटली होती. एका तंबूत दुसरी ते आठवी अशी अकरा पोरं. तिसरीला शिकवावं तर सातवीची पोरं मिठाचे खडे एकमेकांना मारत बसायची. आता प्रत्येक जण आपापल्या जागेपासून पुढे जायचा. धडे आधीच भरलेले असायचे, त्याला नेटवर्क लागायचं नाही. ज्याचं गाडं अडलं त्याच्याशेजारी मोंघीबेन जाऊन बसायच्या. शनिवारी त्या सगळे टॅबलेट घेऊन टँकरमधून गावाच्या बांधापर्यंत जायच्या. तिथे नेटवर्क होतं आणि पोरांनी आठवडाभर केलेलं काम तालुक्याला पोचायचं. मागच्या एप्रिलमध्ये गावच्या शाळेत परतलेल्या पोरांपैकी एकालाही मागच्या वर्गात बसवावं लागलं नाही. एकोणीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं होतं.

सगळ्यांत पुढे वसन होती. जूनमध्ये तिला मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेत पाठवायचं ठरलं होतं. डिसेंबरमध्ये मोंघीबेननी स्वतः तिचा अर्ज भरला होता. अट एकच होती. वर्षभरात शिक्षणात खंड नको. महिनाभर कामाची नोंद नसली की नाव आपोआप शाळाबाह्य मुलांच्या यादीत जायचं, आणि नोंद खोटी निघाली तर अर्जच बाद व्हायचा.

दहा पोरं आली, हात पुसून रांगेत बसली. मौलिकभाईने सात नंबरचा टॅबलेट वर धरला.

“हा कोणाचा?”

“वसनचा,” पाच-सहा जण एकदम म्हणाले.

“वसन तर येत नाही. मग यावर अभ्यास कोण करतं?”

 दुमाडियांच्या गौरीने ओढणीचं टोक तोंडात घातलं. आठवीतला कानजी तंबूच्या खुंटीकडे बघू लागला.

“साहेब विचारतायत ना? की जिभेला मीठ लागलं सगळ्यांच्या?” मोंघीबेन म्हणाल्या.

दुसरीतल्या भावुने हात वर केला. “काल माझी पाळी होती. पण मला भागाकार येत नाही, म्हणून मी चित्रांचंच केलं.”

“गप रे, चिमणतोंड्या!” कानजी पुटपुटला.

“पाळी?” मौलिकभाई म्हणाला.

कानजी उभा राहिला. सगळं आपल्यावर आलंय हे त्याला कळलं होतं. “साहेब, वसनची आई लीलुकाकी दवाखान्यात होती ना, तेव्हा जेसंगकाकाच्या पाट्यात कोण दाताळं ओढणार? एक दिवस नाही ओढलं तरी मीठ तळाला धरतं. पाटा वाया जातो. म्हणून पहाटेचा एक फेरा आमचे बापा ओढतात, दुसऱ्या दिवशी गौरीचे बापा. कोणाकडे आजारपण आलं की रणात असंच करतात. मग आम्ही म्हटलं, वसनचा अभ्यासपण तळाला धरेल. तोही ओढायला पाहिजे.”

“म्हणजे तुम्ही सगळ्यांनी…”

“पाळी लावून. बेन खिचडी करायला बाहेर जातात तेव्हा. गौरीला वसनचा टॅबलेट उघडायचा नंबर माहीत होता.”

“वसनने सांगितलं होतं असं करायला?”

“नाही हो! तिला माहीतच नाही,” गौरी म्हणाली. “पाटा काय काकाला विचारून ओढतात?”

मौलिकभाईला हसू आलं. ते आवरत तो म्हणाला, “अगं, पण मीठ कोणीही ओढलं तरी मीठच होतं. अभ्यास असा दुसऱ्याने करून चालत नाही.”

“का नाही?” भावुने विचारलं.

 मौलिकभाईच्या प्रशिक्षणात हा प्रश्न आलेला नव्हता.

“गौरी,” मोंघीबेन म्हणाल्या, “वसनच्या जागी तू अपूर्णांक केलेस?”

“हो बेन. अवघड होते. पण केले.”

“आता अपूर्णांक कोणाला येतात?”

“मला.”

“आणि वसनला?”

गौरीने ओढणी तोंडातून काढली.  कानजी खाली बसला.

मोंघीबेननी सात नंबरचा टॅबलेट घेतला, पदरात गुंडाळला आणि मौलिकभाईला म्हणाल्या, “गाडी काढा. कानजी, खिचडीकडे बघ. करपली तर तूच खायचीस.”

शनिवारची बांधाची फेरी सोडली तर टॅबलेट पहिल्यांदाच तंबूबाहेर निघाला होता. मोटरसायकलवर बसेपर्यंत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

सुरेलांच्या पाट्यात वसन गुडघ्याखालपर्यंत खाऱ्या पाण्यात होती. तिच्या उंचीहून मोठं लाकडी दाताळं ती मागे चालत ओढत होती. त्या दोघांना बघून ती थांबली, पण दाताळं सोडलं नाही. जेसंगभाई काठावरून ओरडला, “साहेब, बूट काढा! पाट्यात बूट घालून कलेक्टरसुद्धा येत नाही!”

मौलिकभाईने बूट काढले, दोन पावलं टाकली आणि तो तोंड वाकडं करून काठावर परत आला. मिठाच्या कडा काचेसारख्या लागतात. जेसंगभाई हसला.

“माझं नाव कापलं ना बेन?” वसनने तिथूनच विचारलं.

“अजून नाही. इकडे ये.”

मोंघीबेननी तिला सगळं सांगितलं. वसन ऐकत होती. भावुने चित्रांचं केलं हे ऐकून ती खुदकन हसली. मग तिने विचारलं, “माझे स्वतःचे किती होते?”

मौलिकभाईने टॅबलेटवरच्या तारखा बघितल्या. “एकशे अठरा. बाकीचे दोनशे चौऱ्याण्णव त्यांचे. ते पुसावे लागतील.”

“पुसा,” वसन म्हणाली.

“पुसल्यावर पाच आठवडे कोरे दिसतील. मग नाव यादीत जाईल.”

जेसंगभाईने डोक्याचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं. “बेन, पोरीने शिकू नये असं मी कधी म्हटलं? पण पहाटेचा फेरा लोक ओढतात, उरलेले दोन आम्हा दोघांवर. घरात हिची आई अजून घागर उचलू शकत नाही. मला सांगा, मी काय करू?”

 मोंघीबेन पाचवीत असताना त्यांची आईही अशीच आजारी पडली होती. तेव्हा त्यांचं नाव कापलं गेलं आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. दहावीची परीक्षा त्यांनी पंचविसाव्या वर्षी बाहेरून दिली. त्यांनी वसनला एवढंच विचारलं, “दुपारी काय करतेस?”

“दुपारी? बारा ते तीन झोपडीत. ऊन असतं ना. कोणीच पाट्यात नसतं.”

शाळा आठ ते बारा भरायची. मोंघीबेननी पाट्याच्या कडेला बघितलं. खारं पाणी उपसणाऱ्या पंपाचे सोलर पॅनल तिथे ओळीने उभे होते. जेसंगभाईचा मोबाइल त्यांच्याच एका वायरीला लावलेला होता.

“मौलिकभाई, टॅबलेट इथे ठेवला तर?”

“नियम आहे ना, तंबूबाहेर न्यायचा नाही.”

“कोणाचा नियम?”

 “तुमचाच, बेन. पेटीवर तुम्हीच लिहिलाय. परिपत्रकात एवढंच आहे की शिक्षकाच्या जबाबदारीवर.”

 मेलेल्या टॅबलेटचे तीन खुलासे मोंघीबेनना अजून तोंडपाठ होते.

“लिहून घ्या. माझ्या जबाबदारीवर,” त्या म्हणाल्या.

“आणि कोऱ्या पाच आठवड्यांचं काय?” मौलिकभाई म्हणाला. “यंत्राला फक्त केलं की नाही केलं एवढंच कळतं. का नाही केलं याला त्यात रकाना नाही. वरून विचारतील तेव्हा मी काय दाखवू?”

मोंघीबेननी पिशवीतून हजेरीपट काढला आणि मोटरसायकलच्या सीटवर उघडून ठेवला. तीस ‘गै’ आणि त्यांच्यासमोर समासात तीस नोंदी. आईचं ऑपरेशन, घरी काम. दहाव्या दिवशी ‘टाके काढले’. एकविसाव्या दिवशी ‘मी भेटून आले, येते म्हणाली’. प्रत्येक नोंदीखाली तारीख आणि सही.

मौलिकभाईने वाचलं. मग फोन काढून त्याने एकेका पानाचा फोटो घेतला.

“निर्णय माझा नाही,” तो म्हणाला. “पण हे जोडून पाठवतो. यंत्रापेक्षा हे बरं आहे असं लिहितो.”

“यंत्राला नावं ठेवू नका. त्याने सांगितलं म्हणूनच तुम्ही आलात. मला इतके दिवस काही दिसलं होतं का?”

त्याने सात नंबर चालू केला, दोनशे चौऱ्याण्णव नोंदी निवडल्या आणि पुसल्या. आकडा चारशे बारावरून एकशे अठरावर आला. वसनने ओले हात ओढणीला नीट पुसले आणि टॅबलेट हातात घेतला. अपूर्णांकांचा धडा ती जिथे थांबली होती तिथेच उघडला. तिने पहिलं उदाहरण केलं. चुकलं. तिने ते पुन्हा केलं.

“दाताळं मी घेतो,” जेसंगभाई म्हणाला आणि पाण्यात उतरला.

परत तंबूत आल्यावर पोरांना सांगावं लागलं की त्यांचं सगळं काम पुसलं गेलं. भावु रडायच्या बेतात होता. “माझी हत्तीची चित्रंपण?” मोंघीबेन म्हणाल्या, हो, हत्तीपण. मग त्यांनी नवी पाळी लावून दिली. रोज शाळा सुटल्यावर एकाने सुरेलांच्या झोपडीवर जायचं आणि वसनशेजारी बसायचं. उत्तर सांगायचं नाही. फक्त बसायचं, आणि तिने विचारलं तर आपल्याला कसं समजलं ते सांगायचं. पहिली पाळी गौरीने मागून घेतली. खिचडी करपली होती. ती सगळ्यांनीच खाल्ली.

शनिवारी मोंघीबेन बांधावर गेल्या. दहा टॅबलेटचं काम पोचलं. सात नंबर वसनकडेच होता, म्हणून तिने चार दिवसांत केलेल्या एकोणीस उदाहरणांचा आकडा त्यांनी मौलिकभाईला फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, शाळाबाह्य मुलांची यादी निघालीय, त्यात वसन नाही. वसतिगृहाच्या अर्जात तिच्या नावासमोर पिवळा रंग आहे. म्हणजे हिरवा नाही. पण लाल नाही.

सोमवारी दुपारी शाळा सुटली होती. मोंघीबेन तंबूबाहेर भांडी घासत होत्या. नैर्ऋत्येकडून काहीतरी चमकलं.

त्या उठून उभ्या राहिल्या. आरशाची चमक टोकदार असते, डोळ्यात घुसते. ही पसरट होती, फिकी, काळपट काचेवरून आल्यासारखी. एकदा आली, हलली, पुन्हा आली. मग बंद झाली.

पोरीने टॅबलेट उन्हात धरला होता. पेटीवरचा दुसरा नियम मोडला होता.

मोंघीबेननी हात पुसले आणि हजेरीपट आणला. सकाळी लिहिलेला ‘गै’ त्यांनी खोडला नाही. त्याच्याशेजारी समासात लिहिलं : दुपारी हजर. तारीख घातली, सही केली. उद्या तिला चांगलं रागवायचं, असं त्यांनी ठरवलं.

मग त्या पेटीवर चढल्या आणि आरसा उन्हात धरून त्यांनी तिकडे एकदा उत्तर दिलं.