पंपाच्या लाइनवरची गळती

आमच्या साहेबांना वीज खात्याच्या ऑफिसात सगळे टक्केसाहेब म्हणतात. बोलतील ते टक्क्यांतच. त्या दिवशी माझा हिशेबाचा कागद बाजूला सारून म्हणाले, "मॅडम, वसाहतीत तीस टक्के वीज गायब. लोक चोर आहेत. दुपारचं भारनियमन चालूच राहणार."

माझं डोकंच फिरलं. "अहो, तुम्ही दिवसभराच्या सरासरीवर हिशेब मांडता! तिथं संध्याकाळी सगळी घरं, शिलाईची मशिनं एकदम सुरू होतात. प्रवाह दुप्पट झाला की तारेत चौपट वीज जळते. तासातासाने मोजा. निम्म्याहून जास्त गळती तारेतलीच आहे. तारा बदला की, लोकांना चोर काय म्हणता?"

"सिद्ध करा."

"करते."

त्याच वसाहतीत माझे बाबा राहतात, दादाजवळ. बाबांना श्वासाचं मशीन लागतं, चोवीस तास. दुपारी एक ते चार लाइट जाते, पण बॅटरी आहे असं दादाने सांगितलं होतं. दादा आमच्याच खात्यात वायरमन. तो म्हणतोय म्हणजे असणारच, असं मी धरून चालले होते.

पद्धत पारखायला मी पाण्याच्या पंपाची लाइन घेतली. ती वसाहतीतूनच जाते, कधी बंद होत नाही आणि तिच्यावर गिऱ्हाईक एकच, पंप. पाठवलेल्या विजेतून पंपाची वजा केली की उरेल ती तारेत जळलेली. माझा अंदाज तिच्याशी जुळला की साहेबांचं तोंड बंद.

सकाळी जुळला. संध्याकाळी, रात्री जुळला. दुपारी एक ते चार मात्र थोडी वीज जास्त जात होती. थोडीच, पण रोज.

टक्केसाहेब खूश. "बघा, तुमचं गणित पंपावरच लंगडलं! उद्याच्या बैठकीत वर्षभराचं वेळापत्रक ठरतंय. मी जुनाच आकडा मांडतो."

एक ते चार! बाबांकडे लाइट जाते तीच वेळ. पर्स उचलली आणि तडक दादाचं घर गाठलं.

अख्ख्या गल्लीत लाइट नव्हती आणि बाबांच्या उशाशी मशीन घरघरत होतं. खिडकीतून एक काळी वायर आत आली होती. दादा खाटेजवळ बसला होता.

"बॅटरी कुठाय?"

"केव्हाच मेली."

"मग मला सांगायचंस ना!"

"तू विचारलंस कधी? जगाची वीज मोजत फिरतेस, चिंगे. बाप दुपारी श्वास कशावर घेतो, हे नाही विचारलंस."

बाबा झोपले होते म्हणून तो हळू बोलत होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बॅटरी मी आजच आणते," मी म्हटलं. "पण दादा, ही वायर सांगितली नाही तर माझा आकडा खोटा ठरतो. वर्षभर सगळ्या वसाहतीची दुपारची लाइट जाणार."

"आणि सांगितलीस तर माझी नोकरी."

"हो."

"मग मला कशाला विचारतेस? कर तुला काय करायचं ते."

मला त्याचा राग आला. त्याहून जास्त माझा आला.

बैठकीत मी उभी राहिले. "पंपाच्या लाइनवर एक वायर टाकलेली आहे. माझ्या भावाने टाकलीय, बाबांच्या मशीनसाठी. त्या मशीनची वीज वजा करा, आकडा जुळेल."

टक्केसाहेबांनी स्वतः वजाबाकी केली. मग पुन्हा केली. जुना आकडा खोडला.

वसाहतीचं भारनियमन उठलं. तारा बदलायचं ठरलं. दादाला नोकरीवरून काढलं.

काल रजा टाकून दादाच्या घरी गेले. दादाने दार उघडलं, पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता खाटेजवळ जाऊन बसला. बाबा जागे होते. मास्क बाजूला करून त्याला म्हणाले, "काय रे, हल्ली भर दुपारी घरात? कामावर जात नाहीस?"

दादाने त्यांचा मास्क नीट बसवला.

"लाइट जातच नाही आता, बाबा. वायरमनला काम कुठलं?"

बाबांना ते पटलं.