दत्तजयंतीच्या दिवशीचा पत्ता

रंजिताचं लग्न मोडलं ते एका फोटोमुळे. फोटो तिचाच होता, दिवाळीतला. कुणीतरी खोट्या नावाचं खातं उघडून तो सुरतच्या पाहुण्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, पोरीचं दुसरीकडे जमलेलं आहे, फसू नका. पाहुणे फसले नाहीत. साखरपुड्याची साडी त्यांनी कुरिअरने परत मागवली.

तेव्हापासून रंजिताला काही वाटेनासंच झालं होतं. रडू नाही, राग नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं सगळंच. वडील बन्सीलाल, घरचे अप्पा, मात्र पेटले होते. तापीकाठी वीस बिघे केळी पिकवणारा माणूस, गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. कोण आहे तो शोधूनच काढतो म्हणून त्यांनी तक्रार केली, आणि महिन्याभराने नंदुरबारहून बाप-लेकीला बोलावणं आलं.

सायबर शाखेतले साहेब बरे होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"खातं खोटं असलं तरी इंटरनेटला जाताना पत्ता द्यावाच लागतो," ते म्हणाले. "आयपी अ‍ॅड्रेस. नाव काहीही टाका, तो नंबर आपोआप समोरच्याकडे जातो. कोणत्या वेळी तो नंबर कोणाच्या जोडणीवर होता, ते कंपनीकडे नोंदलेलं असतं. आम्ही कंपनीला विचारलं."

"मंग? कोन शे तो?" अप्पा खुर्चीतून पुढे सरकले.

साहेबांनी कागद फिरवला. "जोडणी तुमच्याच नावावर आहे, बन्सीलालभाऊ. तुमच्या घरचं वायफाय. चार डिसेंबर, सकाळी अकरा चाळीस."

अप्पा हसलेच. मग त्यांनी बोलता बोलता अख्खी आळी साहेबांपुढे उभी केली. पासवर्ड ओट्यावरच्या भिंतीला खडूने लिहिलेला, कारण दारात आलेल्याला पाणी आणि नेट नाही म्हणायचं नाही अशी त्यांची रीत. कुणी परीक्षेचा फॉर्म भरे, कुणी केळीचा भाव बघे. वीस-पंचवीस फोन तरी असतील.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "बाहेर सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो हो. घर कळतं, माणूस कळत नाही. उद्या कुणी धमकी दिली तरी पोलीस तुमच्याच दारात येतील. भिंत आधी पुसा."

"माणूस मी सांगस," अप्पा म्हणाले. "आमना समोरना नवनीत. दोन साल पहिले त्याना घरथून रंजीले मागणी उनी व्हती. मी नही म्हनं. त्यानीच करं हाई."

साहेब नाव लिहून घेऊ लागले. "आणतो त्याला. फोन जप्त करू."

अप्पांना तारखा कळत नाहीत, तिथी कळतात. पेरणी, भाडं, सगळं ते तिथीवर लक्षात ठेवतात. रंजिताला दोन्ही कळत होतं. चार डिसेंबर म्हणजे दत्तजयंती. त्या दिवशी आळीच्या दारांना कुलपं होती, सगळे सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडे बघायला; रंजिताही अप्पांच्या गाडीवरून गेली होती. पावणेबाराच्या सुमाराला तिने एका पांढऱ्या घोडीचा फोटो काढला होता आणि घोडीच्या मागे नवनीत उभा होता, हातात भज्यांचा कागद. तो फोटो अजून तिच्या फोनमध्ये होता. दाखवला की नवनीत सुटला असता. आणि साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला असता, मग आळीत मागे राहिलं कोण?

गुडघे दुखतात म्हणून एकटी आई मागे राहिली होती.

आईच्या फोनला कधी रिचार्ज नसे. घरचं वायफाय होतं ना. दिवाळीत रंजितानेच तिला शिकवलं होतं, खातं कसं उघडायचं, फोटो कसा पाठवायचा. तेव्हा आईने विचारलं होतं, "दुसरं नाव टाकं तं कोनले समजस का?" आणि रंजिता हसून म्हणाली होती, "कोनलेच समजत नही, माय." थोरली बहीण सासरी गेली ती सहा वर्षांत तीनदा आली. रंजिताचं सुरतला ठरल्यापासून आई गप्प होती. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

साहेब विचारत होते, "नवनीतचं आडनाव?"

"त्याचं नाव नका लिहू," रंजिता म्हणाली. स्वतःचा आवाज तिला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "मीच पाठवलं. मला लग्न करायचं नव्हतं."

पेन थांबलं. "त्या वेळी तुम्ही घरी होता?"

"हो. दत्तजयंती होती. सगळे यात्रेत गेले होते, मी एकटी घरी होते."

दत्तजयंती म्हटल्यावर अप्पांनी मान वर केली. "रंजी, तू तं मन्हासंगे—" एवढंच ते म्हणाले. त्यांनी टेबलावरचा कागद जवळ ओढला. तारखेवर बोट ठेवलं आणि उचललं. मग त्यांनी तक्रार मागे घेण्याच्या अर्जावर सही केली. वाचलं नाही.

मोटारसायकलवरून दोघं परत निघाले. प्रकाशा गावाजवळच्या पुलावर अप्पांनी उगाच गाडी थांबवली, तापीकडे बघितलं आणि पुन्हा किक मारली.

घरी येताच अप्पांनी ओल्या फडक्याने भिंत पुसली आणि मळ्यात निघून गेले. आई ओट्यावर तूर पाखडत होती.

"सापडना का कोनी?" तिने सुपातून नजर काढली नाही.

"सापडनी. मीच शे, असं सांगी उनू."

सूप थांबलं. रंजिताने वाट बघितली, आता तरी रडू येईल, निदान राग येईल. काही आलं नाही. तिने आत जाऊन वायफायचा पासवर्ड बदलला आणि आईसमोर येऊन हात पुढे केला.

"फोन दे, माय. नवा पासवर्ड टाकी देस."

आईने शेजारी पडलेला फोन उचलला आणि पदराखाली धरला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माले आते नही लागत."

रंजिता तशीच उभी राहिली, हात पुढे करून.