मॅकने आणलेलं विंडोजचं सोंग

तीन रविवार झाले, मी या मॅकपुढे डोकं फोडून घेतोय. वय बावन्न, धंदा मास्तरकीचा, आणि सोस काय, तर कंप्युटरवर बर्फात ट्रक हाकायचा! मालवणात राहून बर्फ! माझी बायको लविना हे रोज एकदा तरी ऐकवते, आणि तिचं काही चुकत नाही.

पण तो गेम माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा, एल्रॉयचा. तो कुवेतला असतो. दर रविवारी चर्चमधून मीस, म्हणजे आमचा प्रार्थनाविधी, आटोपून आलो की मी इथून, तो तिथून, असे दोन ट्रक घेऊन आम्ही एकाच रस्त्याला लागायचो. गेममध्येच बोलायची सोय आहे. बोलायचो म्हणजे "डावीक घे", "डिझेल बघ", एवढंच. गेल्या दोन वर्षांत आमचं याखेरीज बोलणं नाही. फोन नाही, नाताळचा मेसेजसुद्धा नाही.

कारण माय. ती गेली ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी. एल्रॉयने कळवलं, "शुक्रवारी पोचतंय, थांबा." पण पवित्र गुरुवारपासून ईस्टरपर्यंत मयताचा मीस होत नाही. शुक्रवारी पुरायचं तर मीसाशिवाय. जन्मभर पहाटे चर्चची वाट तुडवणाऱ्या बाईला मीसाशिवाय कसं पुरायचं? मी हट्टाला पेटलो आणि बुधवारीच उरकलं. 'उरकलं' हा शब्द एल्रॉयचा. तो आला तेव्हा मातीवरची फुलं सुकली होती. दोन दिवस राहिला, माझ्याशी अवाक्षर न बोलता परत गेला. चार महिन्यांनी एका रविवारी गेममध्ये त्याचं नाव दिसलं. मी मुकाट्याने माझा ट्रक त्याच्या मागे लावला.

मग महिन्यापूर्वी माझा जुना कंप्युटर खाऱ्या हवेने खाल्ला. लविनाच्या बहिणीने, वेनेसाने, पणजीहून आपला वापरलेला मॅक पाठवला. देखणा आहे, पण हा गेम विंडोजचा, तो त्याच्यावर चालेना. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, म्हणून नवा कंप्युटर घ्यायचा विषय मी काढलाच नाही.

आमच्या शाळेतली कंप्युटरची बाई समीक्षा म्हणाली, "सर, विंडोजचं सोंग आणणारं सॉफ्टवेअर मिळतं. गेमला वाटतं, आपण विंडोजवरच आहोत." म्हणजे दशावतारी नाटकात आमच्या गावचा काशीराम लुगडं नेसून उभा राहिला की अख्खा गाव त्याला सीता मानतो, तसं. त्या सॉफ्टवेअरमध्ये आधी एक 'बाटली' तयार करायची, आणि तिच्यात गेम भरायचा.

"सकाळीच बाटली उघडलंस?" लविनाने विचारलं.

पहिल्या रविवारी नुसता काळा पडदा. दुसऱ्या रविवारी इंजिनाची घुरघुर ऐकू आली, चित्र नाही. तिसऱ्या रविवारी चित्र आलं आणि सगळंच गोठलं. मी थकलो. मला खरी भीती वेगळीच होती. एल्रॉयला वाटेल, याने आता हेही सोडलं.

"फोन करूक काय हात झडतत तुझे?" लविना म्हणाली.

दोन वर्षं न केलेला फोन काय कंप्युटर बिघडल्याचं सांगायला करायचा? माझ्याच्याने होईना.

आज चौथा रविवार. समीक्षाने सांगितलेल्या आणखी दोन सेटिंग्ज बदलल्या आणि गेम लागला. एल्रॉयचा ट्रक पुलाच्या तोंडाशी उभा होता.

"खंय होतंस?" त्याचा आवाज आला.

"कंप्युटर मेलो. ह्यो मॅक आसा, धापा टाकता. तू जा फुडे."

"नको. मी हय थांबतंय."

"उशीर लागतलो रे."

"लागांदे."

माझा ट्रक चार हात सरकायचा आणि अडायचा, पुन्हा सरकायचा. तो तसाच उभा. इतकी वर्षं वर्गात पोरांना माफी मागायला लावणारा मी, मला शब्द सापडेना.

"एल्रॉय," शेवटी म्हटलं, "मायच्या येळाक मी थांबाक होया होता. माझी चूक झाली."

त्याच्या ट्रकचं इंजिन बंद झालं. वाटलं, गेलं आता हेही.

मग तो म्हणाला, "मीसाक किती माणसां होती?"

मी तोंड उघडलं आणि चित्र गोठलं. आवाज गेला. गेम बंद. मी त्या मॅकवर थाडथाड बोटं आपटली, लविना आतून धावत आली, मी रडत होतो हे तिनेच मला सांगितलं.

मोबाईल वाजला. एल्रॉय.

"गेम बंद पडलो रे," मी म्हटलं.

"पडांदे," तो म्हणाला. "मायचा सांग."