बाबांची गाडी आणि माझे रायझर

माझे सासरे गेल्या वर्षी एका वळणावर मोटरसायकलवरून पडले, आणि त्यांनी गाडी चालवणंच सोडलं. कारण विचारलं की म्हणायचे, "खांदा. हात पुढे ताणला की कळ येते." खांदा बरा झाल्याचं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. तरी त्यांची ती बसकी, लांबलचक क्रूझर मोटरसायकल गॅरेजमध्ये चादर पांघरून उभी, आणि बाबा दिवसभर खिडकीत. मला ते बघवेना. आणि मला बघवेनासं झालं की घरातल्या वस्तूंचं काही खरं नसतं. मिक्सर आणि इस्त्री माझ्या अशाच दुरुस्तीत गेले.

उपाय मीच शोधला. हँडलखाली रायझर नावाचे धातूचे ठोकळे बसवतात. त्यांनी हँडल वर उचललं जातं आणि चालवणाऱ्याच्या जवळ येतं. हात ताणायलाच नको! दोन-चार व्हिडिओ पाहून मी स्वतःला मेकॅनिक समजायला लागले. दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर जुने बोल्ट काढले, ठोकळे ठेवले, लांब बोल्ट आवळले. हँडल अगदी रुबाबदार दिसायला लागलं. ते वळवून बघायचं मात्र सुचलं नाही. हँडलच ते, वळणारच की!

संध्याकाळी बाबांना हाताला धरून आणलं. "बसा. हात कसे पोचतात बघा."

हात खरंच पोचले. पाठ ताठ, कोपरं सैल. माझी कॉलर ताठ झाली. बाबांनी गाडी सुरू केली, हँडल डावीकडे वळवलं, आणि जागच्या जागी उभी गाडी डरकाळ्या फोडायला लागली. हँडल उंच झाल्यामुळे अॅक्सिलरेटरची केबल आखूड पडत होती, वळवलं की ताणली जाऊन रेस वाढत होती. बाबांनी चटकन गाडी बंद केली. चावी काढून ते खाली उतरले.

"केबल बदलते बाबा, लगेच..."

"केबलचं राहू दे गं," ते म्हणाले. "खांदा केव्हाच थांबला दुखायचा. मला भीती वाटते. गाडीवर बसलं की ते वळण डोळ्यांसमोर येतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोल्ट किती आवळायचा हे मी जगभरच्या अनोळखी लोकांकडून शिकले होते आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला साधं काही विचारलं नव्हतं.

मेकॅनिकने लांब केबल टाकली, माझे सगळे बोल्ट पुन्हा आवळले आणि विचारलं, "हे बसवलं कुणी?" मी बेधडक नवऱ्याचं नाव पुढे केलं. बाबा म्हणाले, आता गाडी विकून टाकू.

"विकायच्या आधी मला शिकवा तरी," मी म्हटलं.

"गिअरची गाडी? तुला?"

"स्कूटर येते की मला."

दुसऱ्या दिवशी गल्लीत मी पुढे, बाबा मागे. क्लच सोडला, गाडी बंद. पुन्हा सोडला, पुन्हा बंद. मग गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि शेजाऱ्यांच्या कुंडीला मुका देता देता थांबली. मी मुद्दाम नाटक केलं, असं नवऱ्याला अजूनही वाटतं. कसलं नाटक! इतकं वाईट चालवण्याचा अभिनय मला जन्मात जमला नसता.

"अगं, क्लच आहे तो, दाराची कडी नाही!" बाबा कडाडले. "उतर. उतर आधी. मागे बस आणि नीट बघ."

ते पुढे सरकले, मी मागे बसले. त्यांनी गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी मुकाट्याने निघाली.

"बघितलंस? आधी अर्धा सोडायचा. मग किंचित रेस. मग..."

गल्लीच्या टोकाला ते बोलायचे थांबले. त्यांची पाठ एकदम ताठरली. आपण काय करतोय हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. गाडी अगदी हळू झाली.

"कळलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही कळलं, बाबा. परत दाखवा."

त्यांनी डावीकडे हात दाखवला आणि गाडी मोठ्या रस्त्याला घातली.