चौकात नाही, चौकला

मी एक जुना, कोपरे चेपलेला पुठ्ठ्याचा खोका आहे. मित्रांनो, माझा अवतार पाहून नाक मुरडू नका. नाक मुरडायची जागा वेगळी आहे, ती मी दाखवतो.

खोपोलीजवळच्या एका कारखान्यात रद्दी भिजवून, लगदा दाबून मला घडवलं. तेव्हा मी कोरा करकरीत होतो. पुण्याच्या एका दुकानात माझ्या पोटात कापसात गुंडाळलेलं कानाचं यंत्र ठेवलं गेलं. ते चौक गावच्या सोनुबाईंचं होतं. जुनं यंत्र बिघडल्यापासून दारात ढोल वाजला तरी त्यांना कळत नसे. त्यांचे यजमान हिरूभाऊ यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर त्यांना कधीच बोलता येणार नव्हतं. "त्याच्या आधी मला यांचा आवाज ऐकायचा हाय," एवढंच सोनुबाईंनी मुलाला सांगितलं होतं. हिरूभाऊही आताशा कमी बोलत, आवाज बायकोसाठी राखून ठेवत. मुलगा ओमकार पुण्यात नोकरीला. त्याने हे सगळं दुकानदाराला सांगितलं, तेव्हा मी तिथेच टेबलावर होतो. मला वाटलं, आपल्या जन्माचं सार्थक झालं.

माझ्यावर पत्ता होता, 'कर्जत फाटा, चौक, तालुका खालापूर'. आमची गाडी नेमकी त्याच फाट्यावर वळली. फटीतून मला एक ओटा दिसला आणि त्यावर रस्त्याकडे डोळे लावून बसलेली एक म्हातारी. त्याच सोनुबाई, हे पुढे कळलं. गाडी थांबली नाही. ती थेट कर्जतच्या गोदामात गेली.

ते गोदाम! शी! पानाच्या पिचकाऱ्या, फुटक्या बाटलीतून गळणारा शॅम्पू, उंदरांच्या लेंड्या. माझ्यावर 'नाजूक वस्तू' असं ठळक लिहिलं होतं, तरी मला लाथेने सरकवलं. एकाने माझ्यावर बसून वडापाव खाल्ला आणि तेलकट बोटं मलाच पुसली. तिथल्या अनुपम नावाच्या कारकुनाने पत्त्यातलं 'कर्जत' तेवढं वाचलं आणि मला कर्जत शहराच्या ढिगात भिरकावलं.

घरोघर पार्सल पोचवणाऱ्या विपुलने मला उचललं. बाजारातल्या चौकात गाडी लावून त्याने फोन केला. तो हिरूभाऊंनी घेतला.

"ओ, मी चौकात उभा हाय. तुमी कुठं हाव?"

"चौकात नाय रं बाबा, चौकला," पलीकडून घोगरा आवाज आला. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "चौक गाव. फाट्यावर घर. आमची म्हातारी वाट बघते तुजी."

चौकात म्हणजे चार रस्ते मिळतात तिथे, चौकला म्हणजे त्या नावाच्या गावाला. आमच्याकडे हा फरक शेंबड्या पोरालाही समजतो. विपुल इथलाच, त्यालाही समजला. "बरं, येतो," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर मात्र पुटपुटला, "चौकला कोण मरायला जातंय!" त्याने मोबाइलवर 'ग्राहक घरी नाही' हे बटण दाबलं आणि मला परत ढिगात टाकलं.

दुसऱ्या दिवशी फोनही नाही, नुसतं बटण. मग रोज तेच. घरी नाही म्हणे! सोनुबाई तर त्या दिवसांत ओटा सोडून नळावरसुद्धा जात नव्हत्या. मला विपुलची किळस आली, उंदरांची आली त्याहून जास्त. उंदीर निदान खोटं बोलत नाहीत.

ऑपरेशन होऊन हिरूभाऊ घरी आले, आणि मग मी पोचलो. ओमकारने तक्रारीवर तक्रार केली म्हणून विपुललाच मला घेऊन यावं लागलं. ओमकारने आईच्या कानात यंत्र बसवलं. पंख्याची घरघर ऐकून त्या दचकल्या, हसल्या आणि खाटेकडे वळल्या. हिरूभाऊंच्या गळ्याला पट्टी होती. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"एक फोन करता येत नव्हता तुला?" ओमकार विपुलवर कडाडला.

"केल्ता ना! उगा आळ घेऊ नका." भांडण झालं तर पुरावा असावा म्हणून विपुल सगळे फोन रेकॉर्ड करून ठेवी. त्याने मोबाइल पुढे धरला. "ह्ये ऐका."

"चौकात नाय रं बाबा, चौकला..."

सोनुबाई मोबाइलकडे सरकल्या. शेवटी विपुलचं स्वतःचं "बरं, येतो" वाजलं आणि त्याची मान खाली गेली. तो मोबाइल खिशात टाकणार, तोच सोनुबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"पुना लाव रं."

त्याने पुन्हा लावलं. 'आमची म्हातारी वाट बघते' हे शब्द आले तेव्हा सोनुबाईंनी पदर तोंडाशी धरला.

आता मी त्यांच्या फडताळात आहे. यंत्राच्या बॅटऱ्या माझ्यात असतात. त्या फोनचं रेकॉर्डिंग ओमकारने आईच्या मोबाइलमध्ये घालून दिलं आहे, आणि त्या ते रोज ऐकतात. मित्रांनो, खोका चेपला तर चेपू द्या, आम्ही त्याच कामाचे. पण कुणी ओट्यावर वाट बघत बसलेलं असताना 'घरी नाही' असं बटण दाबू नका. हिरूभाऊंनी आवाज बायकोसाठी राखला होता. तो पत्ता सांगण्यात गेला.