नाकाचा भरवसा

"लिहा, 'माझ्या निष्काळजीपणामुळे'," डॉक्टर म्हणाले आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "तारीख कालची टाका, ताई. उगाच वाढवू नका."

काल याच वेळी मावशी मागच्या खोलीतल्या नळाखाली डोकं घालून ओरडत होती. मावशी म्हणजे आमच्या दातांच्या दवाखान्यात साफसफाई करणारी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. औजारं बुडवायच्या जंतुनाशकाचा ट्रे उचलताना द्राव तिच्या डोळ्यांत उडाला. मी तिची मान धरून पाणी सोडत होते आणि डॉक्टर दारातून सांगत होते, "आवाज कमी करा, खुर्चीत पेशंट आहे." बाईचे डोळे जायची वेळ आलेली आणि यांना पेशंटच्या कानांची काळजी! पेशंटची दाढ काढून झाली, तेव्हाच त्यांनी हातमोजे काढले. तोवर मी मावशीला घेऊन हॉस्पिटल गाठलं होतं.

चूक माझी होतीच. ट्रे काठोकाठ मीच भरला होता.

त्या द्रावात किती जोर उरलाय ते बघायला कागदी पट्ट्या मिळतात. बुडवायची आणि रंग बघायचा. आमच्याकडे त्या कधी आल्याच नाहीत. माझ्या आधीच्या मदतनीस बाई झाकण उघडून वाकायच्या आणि एक श्वास घ्यायच्या. "नाकाला झोंबलं की चांगलं. नाही झोंबलं की बदल." एकोणीस वर्षं मी रोज सकाळी तेच केलं. डॉक्टर पेशंटसमोर सांगायचे, "आमच्या ताईंचं नाक म्हणजे प्रयोगशाळा आहे!" आणि मी मेली फुशारून जायची. खोलीतला हवा बाहेर टाकणारा पंखा बिघडला, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या भोकाला पुठ्ठा लावला, एसीचा गारवा जाऊ नये म्हणून. डोळे झाकणारे चष्मे आले होते, पण तपासणीला दाखवायला. ते वेष्टनासकट डॉक्टरांच्या कपाटात होते आणि किल्ली त्यांच्या खिशात.

गेल्या वर्षी मला वास येईनासा झाला. घरी दूध करपून पातेलं काळं झालं तरी मी शेजारीच भाजी निवडत बसलेली. नवरा धावत आला. "नाक कुठे ठेवून आलीस गं?" तो हसला, मीही हसले. दवाखान्यात मात्र जीभ उचलेना. ज्या नाकाचं एवढं कौतुक, तेच गेलं म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार? मी तशीच वाकत राहिले, मान डोलवत राहिले आणि अंदाजाने द्राव बदलत राहिले. काल हुंगलं, काही नाही. जुना काढायचा कंटाळा केला आणि वरूनच नवा ओतला. तरी काही नाही, म्हणून आणखी ओतला. मावशीला सांगायलाही विसरले.

"प्रशिक्षण दिलं होतं, साधनं दिली होती, हेही लिहा," डॉक्टर म्हणाले. "तुमची नोकरी कुठे जात नाही. मी आहे ना!"

"आणि मावशी?"

"तुमची चूक म्हटल्यावर तिच्या उपचारांच्या खर्चाशी दवाखान्याचा काय संबंध?"

म्हणजे मावशीच्या डोळ्यांना कुणी वालीच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पेन उचललं आणि भराभर लिहिलं. ट्रे मी जास्त भरला. मला वर्षभर वास येत नाही, हे मी लपवलं. एकोणीस वर्षं मला तो द्राव हुंगून तपासायला लावला. पट्ट्या नाहीत. पंख्याच्या भोकाला पुठ्ठा आहे. चष्मे कपाटात आहेत, किल्ली डॉक्टरांकडे.

त्यांनी वाचलं आणि चेहरा उतरला. "वास येत नाही? मग बोलला का नाहीत?"

"एकदा तरी विचारलंत का, सर? कौतुक तेवढं रोज केलंत."

"हा कागद बाहेर गेला तर उद्यापासून येऊ नका. फाडा तो."

मी दुसरा कागद ओढला आणि त्यांच्यासमोर बसून तेच सगळं पुन्हा लिहिलं. दोन्हींवर सही केली. एक टेबलावर ठेवला, एक पर्समध्ये टाकला.

हॉस्पिटलात मावशी डोळे बांधून पडली होती. "उजवा वाचेल म्हणतात," ती म्हणाली. "डाव्याचं काही सांगत नाहीत."

मी कागद वाचून दाखवला. माझी चूक पहिल्याच ओळीत होती.

"ट्रे तू भरलास?"

"हो."

"मला वाटलं, माझाच हात लटपटला. कालपासून स्वतःलाच शिव्या घालतेय." तिने तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "नोकरी गेली ना तुझी?"

"गेली."

तिने चाचपडत हात पुढे केला. मी तो धरायला गेले, तर तिने माझी बोटं बाजूला सारली आणि कागद घेतला. त्याची नीट घडी घातली, उशीखाली सारला आणि त्यावर डोकं टेकवलं.